वडिलांवरचा राग, वडिलांचं दुःख आणि मनःशांती: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचं लिहिणं मोठं आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. वाचणाऱ्या इतरांनाही त्यामुळे संदर्भ लागेल. तुम्ही धुळे जिल्ह्यातल्या, शाळेत शिकवता, वय त्रेचाळीस. साडेपाच वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलात. जेवणं झाल्यावर आप्पांनी, तुमच्या वडिलांनी, सांगितलं, उद्या रजिस्टर ऑफिसात जायचंय, जमिनीतला तुझा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र तयार आहे. तुम्ही सही केलीत, पण घरी आल्यावर बोललात, "आधी विचारलं असतं तर हसत दिली असती." शब्दाला शब्द वाढला आणि येणं-जाणं थांबलं. तीन वर्षांनी आप्पा अचानक गेले. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, तुमच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नाही. तेव्हापासून पहाटेचं ध्यान झालं, पारायण झालं, एक शिबिर झालं. चार दिवस बरं वाटतं, मग पोरांवर तडकता आणि रात्री स्वतःला दोष देत पडून राहता. आखाजी जवळ आली की हे वाढतं. शिबिरात कुणीतरी सांगितलं की वडिलांना माफ केल्याशिवाय शांती मिळणार नाही. मनःशांतीसाठी आणखी काय करू, माफ कसं करू आणि भावाला फोन करू का, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात समुपदेशनाचं काम करते, आणि आखाजीच्या आधीच्या महिन्यात माहेराच्या दुखण्यासाठी येणाऱ्या बायका दरवर्षी पाहते. तरी एका लिहिण्यावरून माणूस पुरता कळत नाही. तुमची झोप कशी आहे, घरी कुणाशी मन मोकळं करता येतं का, पूर्वी कधी निराशेचा मोठा झटका येऊन गेलाय का, यावर उत्तर बदलतं. तेवढं सोडून जे सांगता येईल ते सांगते.

तुम्ही शांतीचं विचारताय, पण तुमच्या लिहिण्यात शांती शेवटच्या दोन ओळींत आली. त्याआधीचं सगळं आप्पांबद्दल आहे. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. तुमची साधना कमी पडत नाहीये. तुमच्या मनात दोन दुःखं एकमेकांची वाट अडवून उभी आहेत. आप्पा गेले, हे एक. आप्पांनी न विचारता तुम्हाला परकं ठरवलं, हे दुसरं. रडू यायला लागलं की राग म्हणतो, ज्यांनी असं केलं त्यांच्यासाठी रडायचं? आणि राग वर आला की मन म्हणतं, गेलेल्या माणसावर कुणी रागावतं का? त्यामुळे ना रडणं पुरं होत, ना रागावणं. गंधमुक्तीपर्यंत डोळे कोरडे राहिले याचा अर्थ तुमची माया कमी होती असा अजिबात नाही. अशा अडकलेल्या दुःखात असंच होतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

त्यावर आणखी एक थर आहे, लाजेचा. तुम्ही लिहिलंय की दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेल्या बायकांपैकी एक पुटपुटली, "जमिनीपायी बापाला सोडलं." हे वाक्य तुम्ही अडीच वर्षं बाळगून आहात. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. तुमच्या बाबतीत जमीन वडिलोपार्जित होती की आप्पांनी घेतलेली, आणि झालेल्या सहीचं आता काय करता येतं, हे वकिलाचं काम. नोंदणी झालेला दस्त फिरवणं सोपं नसतं, एवढंच मला माहीत आहे. मी हे एवढ्यासाठी सांगते की "मला विचारायला हवं होतं" असं वाटणं म्हणजे लोभ नव्हे. जे तुमचं होतं ते सोडायला लावलं आणि वर विचारलंही नाही, याचं वाईट वाटणं रास्त आहे. आपल्याकडे माहेर टिकावं म्हणून हजारो बहिणी सही करतात, आणि वाईट वाटलं तर तेही गिळून टाकतात.

आता ध्यानाचा गुण दोन-चार दिवसच का टिकतो, ते पाहू. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त आला. तुम्ही लिहिलंय की ध्यानात आप्पांचा चेहरा आला की तुम्ही तो "बाजूला सारून" श्वासावर येता. चेहरा पाहून, काय वाटलं ते ओळखून मग श्वासावर येणं वेगळं. तो येऊच नये म्हणून श्वासाला धरून बसणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ध्यान हेही दाबण्याचंच साधन होतं, आणि त्याचा ताण साठत जातो. ध्यान सोडू नका. बाजूला सारणं तेवढं सोडा. मोबाईलवरची प्रवचनं मात्र महिनाभर बंद ठेवा. सकाळी सकाळी "जे झालं ते विसरा, पुढे चला" असं ऐकलं की दुखणाऱ्या माणसाला आपलं दुखणं हीच आपली चूक वाटायला लागते.

पोरांवर तडकण्याचंही इथेच सापडतं. बाभळीचा काटा पायात मोडला की आपण नकळत चाल बदलतो, काट्याचं विसरतो आणि महिन्याभरानं कंबर दुखते म्हणून मलम लावत बसतो. डबा सांडला, गृहपाठ राहिला ही कारणं कंबरेसारखी आहेत. राग नेहमी जिथे उलट उत्तर मिळणार नाही तिकडे उतरतो, आणि घरात तसं लेकरूच असतं. त्यामुळे रागावर ताबा मिळवायचे उपाय शोधण्यापेक्षा आधी एवढं करा. ओरडून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्याजवळ जाऊन म्हणा, "मगाशी मी ओरडले, तेवढी तुझी चूक नव्हती. माझं मन दुसऱ्या कारणानं दुखत होतं." लांब समजूत काढू नका, एवढंच पुरे. रात्रभर स्वतःला दोष देण्यानं पोराला काही मिळत नाही, या दोन वाक्यांनी मिळतं.

ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देते. रावेर भागातले एक केळीवाले शेतकरी आले होते. तक्रार झोपेची. वादळात बाग आडवी झाली होती आणि बराच वेळ ते तेवढंच सांगत होते: किती खोडं मोडली, किती घड कापणीला आले होते, विम्याचे कागद कुठे अडलेत. आकडे तोंडपाठ. बोलताना खांद्यावरच्या रुमालाची मांडीवर घडी घालायचे, उलगडायचे, पुन्हा घालायचे. मी विचारलं, "बाग पडलेली पाहिलीत तेव्हा पहिला फोन कुणाला केलात?" रुमालावरचा हात थांबला. म्हणाले, "भावाचा नंबर काढला होता. मग ध्यानात आलं, भाऊ कुठंय आता." भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात वहिनी, पुतणे, म्हातारी आई सगळ्यांना यांनी सावरलं, यांना कुणी विचारलं नाही. बागेचं नुकसान खरंच होतं, पण झोप भावानं नेली होती. पुढच्या भेटीत ते भावाबद्दल बोलले, आणि त्यानंतर बरेच दिवस तेच बोलत राहिले. झोप हळूहळू आली. भावाची आठवण गेली नाही, आणि ती जावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

तुम्ही काय करायचं ते आता सांगते. आठवड्यात सलग चार दिवस, दिवसाची पंधरा-वीस मिनिटं बाजूला काढा. रात्री झोपताना नको, शाळेतून आल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. वही घ्या आणि त्या आखाजीबद्दल आणि आप्पा गेले त्या दिवसाबद्दल लिहा. शुद्धलेखन बघू नका, वाक्यं जुळवू नका, लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही बहुधा हकीकत लिहाल: कोण बसलं होतं, कोण काय बोललं. चालेल. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रसंगात तुम्हाला काय वाटलं त्याकडे या. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयातल्या मुलामुलींकडून असं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहून घेतलं होतं. लिहिल्या-लिहिल्या त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत वाईट अनुभवांतल्या घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा गुण लहानच दिसला, म्हणून याला रामबाण समजू नका. मला त्याचा उपयोग वाटतो तो यासाठी की दुःखाला त्यात वेळ मिळतो आणि थांबायची वेळही ठरलेली असते. वीस मिनिटं झाली की वही मिटायची, तोंडावर पाणी मारायचं, अंगणात दोन चकरा मारायच्या किंवा भाजी निवडायला घ्यायची. अर्धवट राहिलं असं वाटलं तरी मिटायची, उद्या आहेच.

लिहिताना बोलीत लिहा. तुम्ही शिक्षिका आहात, वहीवर पुस्तकी मराठी आपोआप येईल: "मला अतीव वेदना झाल्या." त्यातून काही हलत नाही. आप्पांशी तुम्ही अहिराणीत बोलायचात ना? मग त्यांना थेट विचारा, "आप्पा, माले काबर नही इचारं?" (मला का नाही विचारलं?) माझ्यासमोर बसून प्रमाण भाषेत तासभर कोरड्या डोळ्यांनी बोलणाऱ्या बाया घरच्या बोलीतल्या एका वाक्याला रडतात.

अंगात काय होतंय ते लिहिता लिहिता पाहा. गळा दाटतोय, छातीवर दडपण आहे, जबडा आवळलाय, पोटात खड्डा पडलाय. मग त्याला नेमकं नाव द्या. "टेन्शन आहे", "कसंतरी होतंय" यानं भागत नाही. राग आहे का? अपमान? हेवा, की भावाला काहीच सोडावं लागलं नाही आणि मला न विचारता सोडायला लावलं? अपराधीपणा, की एक फोन करायला हवा होता? मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं की चेहऱ्यावरची भावना पाहून तिला शब्दांत नाव दिलं की अमिग्डाला या भागाची, म्हणजे भीती-धोक्याला चटकन जागं होणाऱ्या केंद्राची, हालचाल कमी होते. नाव दिल्यानं दुःख जात नाही, पण ते अंगावर येईनासं होतं. आणि तुमच्या बाबतीत नावं दोन-तीन निघतील, एकमेकांच्या विरुद्धही असतील. आप्पांचा राग येतो आणि त्यांची आठवण येते, ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर लिहा. त्यातलं खरं कुठलं ते ठरवायला जाऊ नका.

हे करताना खूप वर आलं, हातपाय गार पडले, सुन्न व्हायला झालं तर थांबा. पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तू नजरेनं मोजा, कुणाला तरी हाक मारा. दुःखात सतत बसून राहणं हा काही उपाय नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट यांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली. सावरणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं या दोन्हींमध्ये येत-जात राहतो, काही वेळ रडतो आणि काही वेळ दळण आणायला जातो, असं तिचं सार. तुम्ही अडीच वर्षं फक्त दळणाच्या बाजूला राहिलात. दुसऱ्या बाजूला जायचंय, पण तिथे मुक्काम करायचा नाही.

आता माफीचं. शिबिरात सांगितलेलं मला पटत नाही. माफी ही शांतीची फी असल्यासारखं बोलणं दुखावलेल्या माणसावर अन्याय करतं. आधी दुखापत कबूल व्हायला लागते, मग काही लोकांना माफ करावंसं वाटतं, काहींना वाटत नाही. न वाटणाऱ्यांनाही स्वस्थता येते, ती आलेली मी पाहिली आहे. तोंडानं "माफ केलं" म्हणून पुढे गेलेल्यांचा राग मात्र पुष्कळदा वेगळ्या नावानं परत येतो. तुमचं असं होऊ शकेल: लिहिता लिहिता कधीतरी आप्पा तुम्हाला पूर्ण दिसू लागतील. बाकीच्या मुली बसून असताना पहाटेच्या एसटीनं तुम्हाला कॉलेजात धाडणारे आणि सहीच्या वेळी तुमच्याकडे न पाहणारे, दोन्ही एकच. कदाचित त्यांना लाज वाटली असेल, कदाचित "पोरींना काय विचारायचं" या रीतीत ते वाढले असतील. कळणं आणि योग्य ठरवणं यांत फरक आहे. त्यांनी केलं ते चूक होतं असं म्हणूनही तुम्ही त्यांच्यासाठी रडू शकता.

एवढ्यानं भागणार नाही अशी वेळ कधी ते ओळखून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात लांबलेला शोक ही वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ गेलेल्याची तीव्र ओढ किंवा त्यांचाच विचार सुटत नाही, आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा हे खूप लांबलेलं असतं आणि रोजचं काम कोलमडतं, तेव्हा ती लागू होते. तुम्ही शाळा करता, घर करता, त्यामुळे मला आज तसं वाटत नाही. पण दोन आठवडे सलग कशातच मन न लागणं, झोप-भूक उडणं, जगण्यात अर्थ नाही असं मनात येणं यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सोय असते. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला स्वतःला दोष देत पडण्यापेक्षा तो लावलेला बरा. आणि एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळीत बदल झालाय का ते डॉक्टरांना सांगा. चाळिशीत चिडचिडीचा काही भाग शरीराचाही असतो, तो सगळा आप्पांच्या खात्यावर टाकू नका.

आखाजीचं आधीच ठरवून ठेवा. तो दिवस पूर्वी झोक्याचा, गौराईच्या गाण्यांचा, तुमच्या हक्काचा होता. त्याच दिवशी तो हक्क गेला, त्यामुळे दुखणारच. दुखू नये म्हणून त्या दिवशी दहा कामं काढून बसू नका. पितरांच्या नावाची घागर सासरी तुम्हीच भरत असाल, तर घरच्यांशी बोलून शेजारी आप्पांच्या नावाचा एक तांब्या ठेवा. रडू आलं तर पोरांसमोर आलं तरी चालेल. त्यांना सांगा, "आजोबांची आठवण येतेय आणि त्यांच्यावर मी रागावलेलीही आहे." मुलांना हे कळतं. कारण नसलेला आरडाओरडा मात्र त्यांना कळत नाही.

आणि भावाला फोन. लगेच नको. चार दिवसांचं लिहून होऊ द्या, मग दोन आठवडे जाऊ द्या. आज फोन केलात तर बोलणं जमिनीवर जाईल, आणि त्याच्याकडून "चुकलंच आमचं" हे ऐकायची तुमची इच्छा असेल ती पहिल्या फोनात पुरी होणं कठीण. जमिनीचं काही बोलायचं असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन, वेगळ्या दिवशी. हा फोन त्याला एकच गोष्ट विचारायला करा: शेवटच्या वर्षात आप्पा कसे होते, माझं नाव काढायचे का? उत्तर "नाही" आलं तरी ऐकून घेता येईल अशी मनाची तयारी वाटेल तेव्हाच करा, आणि त्या वेळी घरात तुमचं कुणीतरी जवळ असू द्या. मिस्टरांना हे सगळं माहीत आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर फोनच्या आधी त्यांना सांगा. लिहायला बसल्यावर काही अडलं तर कळवा, मग त्यावर बोलू.